जेटेबलच्या सेलमधील ड्रॉपडाउन: निवडलेले मूल्य भलत्या ओळीत का जाते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल-चादर कारखान्यासाठी आपण जावा स्विंगमध्ये (जावातील खिडक्या, बटणे, तक्ते बनवण्याच्या संचात) ऑर्डर नोंदवण्याचा डेस्कटॉप प्रोग्राम लिहीत आहात. त्यातील जेटेबलमध्ये, म्हणजे स्विंगच्या तक्त्यात, माल, माप, डिझाइन आणि एकक अशा चार कॉलमना ड्रॉपडाउन लावलेले आहेत. तक्रारीही चार आहेत. पाचव्या ओळीतील मापावर नुसते क्लिक केले तरी दुसऱ्या ओळीतील माप बदलते. मालानुसार मापांची यादी बदलायला हवी, पण कधीकधी आधीच्या ओळीचीच यादी उघडते. खालच्या बाणाची कळ एकदा दाबली की यादी मिटते. आणि मालाच्या नावाने ओळींचा क्रम लावला की चादरीसमोर टॉवेलची मापे येतात. सोबत दिलेल्या कोडमध्ये ‘ॲब्स्ट्रॅक्ट सेल एडिटर’वरून घेतलेला एक क्लास आहे. त्यात एकच कॉम्बो, म्हणजे ड्रॉपडाउनचा घटक, असून त्याला एक ॲक्शन लिसनर, म्हणजे निवड झाली की धावणारा कोड, जोडलेला आहे. तो लिसनर ‘गेट सिलेक्टेड रो’ला ओळ विचारतो, मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलामागच्या डेटात, मूल्य लिहितो आणि लगेच ‘फायर एडिटिंग स्टॉप्ड’ करतो, म्हणजे एडिटिंग संपल्याचे कळवतो.

दुखणे त्या लिसनरमध्ये आहे. मात्र तो काढून टाका एवढे सांगून भागणार नाही, कारण तो का चुकतो हे कळल्याशिवाय तुम्ही त्याच्या जागी दुसऱ्या रूपात तेच लिहाल. मीही पूर्वी तेच केले होते.

टेबलात दोनशे ओळी दिसत असल्या तरी दोनशे कॉम्बो अस्तित्वात नसतात. न उघडलेल्या प्रत्येक सेलमध्ये जे दिसते ते रेंडररने उमटवलेले चित्र असते. त्याला क्लिक कळत नाही आणि त्यात यादीही नसते. एडिटर मात्र त्या कॉलमसाठी एकच असतो. बँकेच्या काउंटरवर दोरीने बांधलेले एकच पेन असते आणि रांगेतला प्रत्येक जण त्यानेच आपली स्लिप भरतो, तसा हा प्रकार आहे. ज्या सेलचे एडिटिंग सुरू होते तिथे तो कॉम्बो आणून ठेवला जातो, काम झाले की उचलला जातो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या ओळीत तोच येतो. येताना आधीच्या ओळीची यादी आणि आधीची निवड त्याच्यात तशीच असते. ती पुसून या ओळीची भरणे हे तुमचे काम असते आणि त्यासाठीच ‘गेट टेबल सेल एडिटर कंपोनंट’ ही मेथड असते.

आता पाचव्या ओळीवर क्लिक केल्यावर घडणारा क्रम पाहा. टेबल प्रथम ‘एडिट सेल ॲट’ चालवते. त्यात आधी एखादे एडिटिंग सुरू असेल तर ते थांबवले जाते, सेल बदलण्याजोगा आहे का हे मॉडेलला विचारले जाते आणि मग तुमच्या एडिटरला तयार होण्यास सांगितले जाते. तुम्ही तिथे कॉम्बोमध्ये पाचव्या ओळीचे माप ‘सेट सिलेक्टेड आयटम’ने बसवता. माणसाने निवड केली आणि प्रोग्रामने निवड केली यात कॉम्बो फरक करत नाही, त्यामुळे ॲक्शन इव्हेंट उठतो आणि तुमचा लिसनर धावतो. पण निवडलेली ओळ बदलण्याचे काम टेबल या सर्वांनंतर करते. त्या क्षणी ‘गेट सिलेक्टेड रो’ अजून दुसरी ओळच सांगत असते. म्हणून पाचव्या ओळीचे माप दुसऱ्या ओळीत लिहिले जाते, आणि तेही वापरणाऱ्याने काहीही निवडलेले नसताना. पहिल्या तक्रारीचे मूळ हे एवढेच आहे.

यावरचा उपाय म्हणजे एडिटरने मॉडेलला कधीही हात न लावणे. एडिटरची जबाबदारी दोनच गोष्टींची: विचारल्यावर ‘गेट सेल एडिटर व्हॅल्यू’मधून सध्याचे मूल्य देणे आणि काम संपले की ‘एडिटिंग संपले’ एवढे सांगणे. ते ऐकून टेबल स्वतः ते मूल्य मागते, ज्या ओळीत एडिटिंग सुरू केले होते त्याच ओळीत ‘सेट व्हॅल्यू ॲट’ने लिहिते आणि कॉम्बो उचलते. ओळ कोणती होती हे टेबलाला पक्के ठाऊक असते, ते तुम्ही वेगळे शोधण्याची गरज नाही. शिवाय कॉम्बो तयार होत असताना टेबल त्या एडिटरचे ऐकणे सुरू करत नाही. त्यामुळे तयारीच्या वेळी उठलेला ॲक्शन इव्हेंट ‘एडिटिंग संपले’ असे ओरडला तरी त्यातून काही लिहिले जात नाही. ही रचना मुळातच विचारपूर्वक केलेली आहे, आपण तिला वळसा घातला की ती मोडते.

तुमच्या गरजेसाठी ‘ॲब्स्ट्रॅक्ट सेल एडिटर’पासून सुरुवात करण्याचेही कारण मला दिसत नाही. ‘डिफॉल्ट सेल एडिटर’ला कॉम्बो दिला की ही सर्व जुळवणी तो स्वतः करतो, तुम्ही त्यातील फक्त ‘गेट टेबल सेल एडिटर कंपोनंट’ बदला आणि यादी भरून झाल्यावर मूळ मेथडला हाक मारा. तिसरी तक्रारही त्याने आपोआप मिटते. साध्या कॉम्बोमध्ये बाणाची कळ दाबली की निवड लगेच बदलते आणि इव्हेंट उठतो. तुमचा लिसनर त्यालाच अंतिम निवड समजून एडिटिंग थांबवतो, म्हणून यादी मिटते. ‘डिफॉल्ट सेल एडिटर’ कॉम्बोवर ‘जेकॉम्बोबॉक्स डॉट इज टेबल सेल एडिटर’ या नावाची क्लायंट प्रॉपर्टी, म्हणजे घटकावर लावायची खूण, खरी करून ठेवतो. ती असली की उघड्या यादीत बाणाने फक्त उजळलेली नोंद सरकते, आणि एंटर दाबल्यावरच ती निवडली जाते. स्वतःचा क्लास ठेवायचाच असेल तर ही प्रॉपर्टी हाताने लावावी लागते. वापरणाऱ्यांना मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: उजळलेली नोंद म्हणजे निवडलेली नोंद नव्हे, एंटर हवाच.

दुसरी तक्रार, म्हणजे मालावर अवलंबून असणारी मापे. टर्किश टॉवेल निवडला तर ३० × ६० इंच, नॅपकिन निवडला तर त्याची छोटी मापे, जेकार्ड चादर निवडली तर ६० × ९० इंच आणि त्यापुढची, असे हवे आहे. तुम्ही प्रत्येक वेळी ‘रिमूव्ह ऑल आयटम्स’ करून एकेक माप ‘ॲड आयटम’ने भरत आहात. रिकाम्या यादीत पहिली नोंद पडली की कॉम्बो ती आपोआप निवडतो आणि त्याचाही इव्हेंट उठतो. त्याऐवजी प्रत्येक मालासाठी मापांचे एक ‘डिफॉल्ट कॉम्बो बॉक्स मॉडेल’ तयार करून कॉम्बोला ‘सेट मॉडेल’ने द्या, त्याने ॲक्शन इव्हेंट उठत नाही. असे मॉडेल यादीवरून बनवले की त्यातही पहिली नोंद निवडलेलीच असते, म्हणून सेल रिकामा असेल तर निवड मुद्दाम रिकामी करा. मूळ मेथडला हाक मारली असेल तर रिकामे मूल्य बसवण्याचे काम तीच करते. या याद्या प्रोग्राम सुरू होताना एकदाच डेटाबेसमधून आणून मॅपमध्ये ठेवा. प्रत्येक क्लिकला डेटाबेसकडे जाणारा एडिटर मी पाहिलेला आहे; नेटवर्क मंद झाले की सारी खिडकी गोठते, कारण स्विंगचे चित्र काढणे आणि तुमची क्वेरी एकाच थ्रेडवर चाललेली असते.

माल बदलल्यावर जुने माप पुसणे हे कामही एडिटरचे नाही. ते मॉडेलच्या ‘सेट व्हॅल्यू ॲट’मध्ये लिहा: नवीन मालाच्या मापांत सध्याचे माप नसेल तर ते रिकामे करायचे आणि त्या एका ओळीपुरती ‘फायर टेबल रोज अपडेटेड’ ही सूचना द्यायची. असे केल्याने एक्सेलमधून आणलेल्या किंवा जुन्या ऑर्डरवरून नकललेल्या ओळींनाही तोच नियम लागतो. संपूर्ण टेबल बदलल्याची ‘फायर टेबल डेटा चेंज्ड’ ही सूचना देऊ नका, तिने निवडलेली ओळ सुटते. आणि ‘फायर टेबल स्ट्रक्चर चेंज्ड’ तर मुळीच नको. तिच्यामुळे टेबल सगळे कॉलम नव्याने घडवते आणि तुम्ही कॉलमवर बसवलेले एडिटर जुन्या कॉलमांबरोबर जातात. ‘रिफ्रेश दाबले की ड्रॉपडाउन गायब होतात’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या कोडमध्ये मला बहुतेक वेळा हीच ओळ सापडते. माल रिकामा असताना मापाचा सेल ‘इज सेल एडिटेबल’मधून बंदच ठेवा, म्हणजे रिकामी यादी उघडून गोंधळ होणार नाही.

चौथ्या तक्रारीचे कारण असे की ओळींचा क्रम लावण्याची सोय टेबलात जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून, आली आणि तेव्हापासून पडद्यावरची ओळ आणि मॉडेलमधील ओळ हे दोन वेगळे क्रमांक झाले. एडिटरला मिळणारा ओळ क्रमांक पडद्यावरचा असतो. तुम्ही त्याच क्रमांकाने थेट मॉडेलला माल विचारता, म्हणून तिसऱ्या ओळीत दिसणाऱ्या चादरीसाठी मॉडेलमधल्या तिसऱ्या ओळीतील टॉवेलची मापे येतात. ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’ने क्रमांक बदलून घ्या आणि मग मॉडेलला विचारा. टेबलाला विचारले तर ओळ बरोबर येईल, पण वापरणाऱ्याने माल हा कॉलम ओढून उजवीकडे नेला की पहिला कॉलम म्हणजे माल हे गृहीत चुकेल. म्हणून मॉडेल बरे.

इथपर्यंतचे तुम्ही विचारले होते. आता जे विचारले नाही, पण पुढच्या महिन्यात नक्की भेटेल, ते सांगतो, कारण त्याने मला चार दिवस झोपू दिले नव्हते.

एका चादर कारखान्याचा असाच प्रोग्राम मी लिहिला होता. डिझाइनच्या कॉलमला साधा ‘डिफॉल्ट सेल एडिटर’ आणि वीसेक नावांची ठरलेली यादी होती. जुन्या ऑर्डरी एक्सेलमधून आणलेल्या होत्या. काही दिवसांनी पॅकिंग विभागातून तक्रार आली की ‘पांढऱ्या काठाची’ असे डिझाइन असलेल्या ऑर्डरी आपोआप ‘चौकडी’ होतात, कधी ‘मोरपंखी’ होतात, आणि कोणीही बदल केल्याचे कबूल करत नाही. खरोखरच कोणी बदल केलेला नव्हता. ‘पांढऱ्या’मधला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: एक थेट ऱ हे अक्षर वापरून, आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकून. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण स्ट्रिंग म्हणून ते वेगळे आहेत आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही, म्हणजे एकाच अक्षराचे निरनिराळे प्रकार एकसारखे करण्याच्या पद्धतीनेही, एक होत नाहीत. माझ्या यादीत पहिला प्रकार होता, एक्सेलमध्ये दुसरा.

कॉम्बो टायपिंगसाठी खुला नसेल आणि ‘सेट सिलेक्टेड आयटम’ला यादीत नसलेले मूल्य दिले, तर तो चूक दाखवत नाही, काहीही न करता परत येतो. त्याची निवड पूर्वी होती तीच राहते, म्हणजे आधीच्या ओळीत ज्या डिझाइनवर हे पेन चालले होते तेच. कॉम्बोच्या एडिटरला सुरू होण्यासाठी एकच क्लिक पुरते. ओळ निवडण्यासाठी म्हणून माणूस त्या सेलवर क्लिक करी, यादी उघडे, तो दुसरीकडे क्लिक करी, टेबल आधीचे एडिटिंग थांबवून मूल्य मागे, आणि कॉम्बो आधीच्या ओळीचे डिझाइन देई. अशा रीतीने नुसत्या बघण्याने ऑर्डर बदलत होती.

यातून मी तीन गोष्टी कायमच्या उचलल्या. सेलमध्ये नाव ठेवायचे नाही, त्या नावासाठी ठरवलेला सांकेतिक कोड ठेवायचा. नाव फक्त रेंडररने आणि यादीने दाखवायचे, आणि वस्तूंची तुलना कोडवरून होईल अशी ‘इक्वल्स’ ही मेथड लिहायची. याचा सोलापुरात आणखी एक फायदा झाला. आपल्याकडे यंत्रमागावरचे आणि पॅकिंगमधले कितीतरी लोक घरी तेलुगू बोलतात. एका विभागप्रमुखाने रंगांची नावे तेलुगूत मागितली तेव्हा मला फक्त नावांची दुसरी यादी जोडावी लागली, साठवलेल्या एकाही ऑर्डरला हात लावावा लागला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एडिटर तयार करताना सेलमधील मूल्य यादीत आहे का हे तपासायचे, आणि नसेल तर त्या ओळीपुरते ते यादीच्या डोक्यावर लाल रंगात घालून तेच निवडलेले ठेवायचे. तिसरी, ‘सेट क्लिक काउंट टू स्टार्ट’ला दोन द्यायचे, म्हणजे ओळ निवडण्यासाठी केलेल्या एका क्लिकने यादी उघडत नाही. कीबोर्डवाल्यांसाठी एफ-२ आहेच.

डॉटनेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर, काम करणाऱ्या मित्रांना हा दोष वेगळ्या रूपात भेटतो. तिथल्या डेटाग्रिडव्ह्यूच्या कॉम्बो कॉलममध्ये यादीत नसलेले मूल्य आले की ‘डेटा एरर’ हा इव्हेंट उठतो आणि तो हाताळला नसेल तर चूक दाखवणारी खिडकी तोंडावर येते. लोक त्या खिडकीला वैतागून तो इव्हेंट रिकामा हाताळतात आणि गप्प बसवतात. मला विचाराल तर ती खिडकी परवडली. क्यूटी या स्विंगसारख्याच दुसऱ्या संचात डेलिगेटच्या (सेल दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या घटकाच्या) ‘क्रिएट एडिटर’मध्ये प्रत्येक वेळी नवा कॉम्बो बनवून देण्याची पद्धत असल्याने आधीच्या ओळीची निवड चिकटून येत नाही, पण ‘सेट एडिटर डेटा’मध्ये यादीत न सापडलेल्या मूल्याचे काय करायचे हा प्रश्न तिथेही तुमच्याच गळ्यात असतो.

आता सेव्हबद्दल. सेलमध्ये लिहून माणूस थेट सेव्ह करतो आणि शेवटचा बदल साठवला जात नाही, असे टायपिंगसाठी खुल्या कॉम्बोंत होऊ शकते, कारण सेव्ह केले तरी टेबलातील एडिटिंग सुरूच राहू शकते. टेबलावर ‘टर्मिनेट एडिट ऑन फोकस लॉस्ट’ ही क्लायंट प्रॉपर्टी लावली की त्याच खिडकीतील दुसऱ्या घटकावर फोकस जाताच एडिटिंग थांबते. पण तिच्यावर विसंबू नका. कंट्रोल-एसने सेव्ह केले किंवा टूलबारचे बटण फोकस न घेणारे असेल तर फोकस हलतच नाही, आणि वेगळी डायलॉग खिडकी उघडली तरीही ही प्रॉपर्टी एडिटिंग संपवत नाही. म्हणून सेव्हच्या मेथडची पहिलीच ओळ अशी असावी की टेबलात एडिटिंग सुरू असेल तर ‘स्टॉप सेल एडिटिंग’ करायचे, आणि त्याने नकार दिला तर सेव्ह तिथेच थांबवायचे. ओळ काढून टाकण्यापूर्वीही एडिटिंग आधी रद्द करा. तसे न केल्यास ओळ जाते, पण कॉम्बो त्याच जागी तरंगत राहू शकतो आणि त्याचे मूल्य खालून वर सरकलेल्या ओळीत पडू शकते.

दिसण्याबद्दल दोनच गोष्टी. जेटेबलच्या ओळीची मूळ उंची १६ पिक्सेल असते, ती इंग्रजी अक्षरांसाठीच जेमतेम आहे. ‘र्जी’चा रफार आणि ‘कू’चा ऊकार दोन्ही तीत कापले जातात आणि कॉम्बोची चौकट तर मावतच नाही. अंदाजाने आकडा टाकण्यापेक्षा तुमचा मराठी फाँट लावलेल्या कॉम्बोला त्याची पसंतीची उंची विचारा आणि तीच ‘सेट रो हाइट’ला द्या. दुसरे असे की न उघडलेल्या सेलमध्ये ड्रॉपडाउन आहे हे कुणालाच कळत नाही. रेंडररमध्ये उजव्या कडेला एक छोटा खाली पाहणारा त्रिकोण काढला तरी पुरते. प्रत्येक वेळी नवा कॉम्बो बनवून देणारा रेंडरर मात्र लिहू नका, स्क्रोल करताना टेबल अडखळू लागते.

राहिला पार्टीच्या नावाचा कॉलम, जो आपण पुढच्या टप्प्यात ड्रॉपडाउन करणार असल्याचे लिहिले आहे. तो करू नका. माझ्या अनुभवात पंधरा-वीस नोंदींपर्यंत ड्रॉपडाउन सोयीचा असतो. चाटी गल्लीतील जुन्या दुकानदारांपासून परराज्यांतल्या व्यापाऱ्यांपर्यंत सहाशे नावे असलेली यादी उघडून त्यात खाली खाली जाणारा क्लार्क तिसऱ्या दिवशी वहीकडे परततो. तिथे साधा टेक्स्ट एडिटर ठेवा, दोन-तीन अक्षरे लिहून एंटर दाबले की जुळणाऱ्या नावांची शोधखिडकी उघडू द्या. ती खिडकी उघडी असताना टेबलाचे एडिटिंग सुरूच राहील, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे नाव निवडून खिडकी मिटली की ते मूल्य एडिटरमध्ये बसवून ‘स्टॉप सेल एडिटिंग’ तुम्हीच करायचे, आणि नाव न निवडता ती मिटली तर ‘कॅन्सल सेल एडिटिंग’.